पोरु मामांचं लाकूड

पोरु मामांनी कधी कुठल्या कामाला लगेच हात घातल्याचं मला आठवत नाही. समोर कॉफी आली तरी आधी तिच्याकडे बघत बसायचे. 'पोरु' म्हणजे तमिळमध्ये 'थांब'. हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता, की कुंभकोणमच्या आम्हा मराठी लोकांच्या घरांत त्यांचं खरं नाव कुणी विचारतच नसे. ते सुतार. आडुतुरैहून सकाळच्या बसने यायचे आणि आल्यावर पहिला अर्धा तास काहीच करायचे नाहीत.

आईने त्यांना बोलावलं ते नाचाच्या खोलीसाठी. तीस वर्षं फरशीवर मुलींना भरतनाट्यम शिकवल्यावर तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, लाकडी जमीन करा, नाहीतर शिकवणं सोडा. वर्षभर वर्ग बंद होता आणि तेवढं वर्ष आईने सगळी शिस्त आमच्यावर काढली. विजयादशमीला वर्ग पुन्हा सुरू करायचाच, असं तिने ठरवलं होतं.

सागवानी फळ्या आल्या तेव्हा दसऱ्याला अठरा दिवस होते. मामांनी त्या खोलीच्या मधोमध रचल्या. प्रत्येक थराखाली बारीक पट्ट्या घातल्या, म्हणजे सगळीकडून वारा लागावा. मग हात झटकले. "सरि, झालं. अत्ता पोरु."

"आणि ठोकायच्या कधी?" आई म्हणाली.

"अक्का, हें भट्टींत वाळवलेलं लाकूड. तहानेलं आहे. आपली हवा पिऊं दे त्याला. अत्ताच ठोकलं तर पावसांत फुगून उठेल. तुमच्या पोरी ठेचकाळतील."

रोज सकाळी ते एकच फळी भाजीवाल्याकडून आणलेल्या काट्यावर ठेवत आणि वजन पेन्सिलीने भिंतीवर लिहीत. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, की लाकूड घरचं झालं असं त्यांचं म्हणणं. खोलीतला पंखा, खिडक्या, सगळं रोजच्यासारखंच ठेवायचं, अशी सक्त ताकीद होती.

दसरा पाच दिवसांवर आला. आकडा दोन दिवस जागेवर होता. आईला मात्र धीर धरवेना. लाकूड सुकवायचं असतं, एवढंच तिच्या डोक्यात. मामांची बस सुटताच तिने खिडक्या लावल्या आणि न्हाल्यावर माझ्या बहिणीचे केस सुकवायची तशी फळ्यांना निखाऱ्यांवरची सांब्राणीची धुरी दिली. तीही दोन धुपाटणी भरून, संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या सकाळी वजन खाली! मामांनी हवा हुंगली. "अक्का, लाकडाला न्हाऊं घातलंत काय?" म्हणाले आणि पोट धरून हसले. मग भिंतीवर नवी रेघ ओढली. मोजणी पहिल्यापासून.

आई हसली नाही. जिन्यावर बसून रडायला लागली. "चूक माझीच मामा. गेलं यंदाचं."

मामांना घाई करताना मी पाहिलं ते त्याच दिवशी. तिथल्या तिथे त्यांनी जास्तीच्या सागवानाचा तुकडा कापला, घासला आणि आईपुढे ठेवला. काठीने ताल द्यायचा ठोकळा होता तो. "विजयादशमीला पोरी किती नाचतात? नमस्कार करितात, चार पावलं टाकितात. तेवढं फरशीवर होतं. तुम्हीं बसून ताल द्या. गुडघ्यांना कसाला त्रास?"

त्या दिवशी सात मुली फळ्यांच्या थप्पीभोवती गोल उभ्या राहिल्या. आईची काठी वाजली आणि मामा कोपऱ्यात चुकीच्या जागी टाळ्या देत राहिले. इतकं हसरं विजयादशमीचं पूजन आमच्या घरात झालं नव्हतं.

नऊ दिवसांनी आकडा स्थिरावला आणि जमीन झाली. पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवला तो आईने. तेव्हा मामा 'पोरु' म्हणाले नाहीत. त्यानंतर किती पावसाळे गेले, एक फळी उठलेली नाही.

गेल्या वर्षी मामा चेन्नईला लेकीकडे राहायला गेले. आठव्या मजल्यावर. आम्हाला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. आईने फोन केला, "करमतं का मामा?"

"वजन बदलतंच आहे अक्का. पोरु."

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "तीन दिवस झाले. आकडा हलला नाहीं."

 आईने फोन लाकडी जमिनीवर ठेवला, ठोकळा पुढे ओढला आणि काठीने त्यांना एक अख्खं आवर्तन वाजवून दाखवलं.