लालसिंगचा पाय

आमचे हे, बादल, घरी घडीभर टिकणारा माणूस नव्हता. डिसेंबरात दिग्रसहून पुसदले माल नेतानी गाडी पलटली अन् गुडघ्यात सळी टाकावी लागली. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं, दुखलं तरी रोज गुडघा वाकवा. तीन महिने असेच पडून राह्यले त पाय जन्मभर काठीवानी ताठ राहीन. ह्यायनं त्यातलं दुखते तेवढंच ऐकलं. मी हात लावला की वरडत, मंग उशीखालून मोबाईल काढत.

मोबाईलात ह्यायचा वेगळा तांडा आहे. आमच्याच तांड्यातले बारा पोट्टे, कोणी पुण्यात, कोणी पुसदले, लिहून लिहून खेळतात. जुन्या काळची लदेणी, बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून गावोगाव नेत ते, प्रत्येकानं एक माणूस घेतलेला. ह्यायचा माणूस लालसिंग. नियमही ह्यायनंच केले. जखम भरायले खऱ्याइतकेच दिवस लागले पायजे. दुसऱ्याच्या माणसाले विचारल्याबिगर मारायचं नाही, बरं करायचं नाही. अन् जखमी माणसाले टाकून तांडा हलत नाही, आपले आजे तसेच वागत म्हणे.

दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात ह्यायनं लालसिंगले बैलावरून पाडला. तोच पाय, तोच गुडघा. तांडा नदीकाठी थांबला, तो दोन महिन्यांपासून थांबूनच आहे. हे रोज त्याचं दुखणं लिहीत अन् पोट्टे वाहवा करत, काय खरं लिहितं गा तू! खरं लिहितीन नाही त काय, दुसरा धंदा काय होता? इकडं ढोरं, सैपाक, ह्यायची आंघोळ, सारं करून मी मरून राह्यली होती.

परवा भीमसिंगचा फोन आला. खेळात तो तांड्याचा नायक. म्हणे पोट्टे कंटाळले, लालसिंगले तापानं मरू देऊ काय?

हे लगेच म्हणाले, "मारून टाका. त्याचं आता काही होत नाही."

हे लालसिंगचं बोलून नव्हते राह्यले.

दुपारी हे झोपले तवा मोबाईल घेतला अन् पहिल्यापासून वाचलं. बैलायले नावं आहेत, कुत्र्याले नाव आहे, अन् लालसिंगले बायकोच नाही! मंग दोन महिने त्याले पाणी कोण पाजून राह्यलं? मले लय लागलं ते. विचारत बसली नाही. लिहिलं, "मी धनीबाई, लालसिंगची बायको. तुम्ही तांडा हलवा. मी याच्यापाशी थांबते."

उठल्यावर ह्यायनं वाचलं. मले वाटलं, नियम मोडला म्हणून भांडतीन.

"सोनू, तू कायले थांबतं?"

"मंग मले जाता येते काय?"

ह्यायनं मोबाईल बाजूले ठेवला अन् गोधडीतून पाय बाहेर काढला. मी वाकवला. हे वरडले, माह्या हाताले नखं लागली. पाय दोन बोटं वाकला, जास्त नाही. मी सोडला नाही.