तुला विचारलं

कॅन्सरच्या ओपीडीबाहेर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मोबाइल ओठांशी धरून विचारलं, “आमच्या ह्यांना जेवण जात नाही, काय देऊ?” नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत त्यांनी मोबाइलपाशीही पाळली. त्यातल्या एआयने पेज, ताक सुचवलं; बाई “बरं, बरं” म्हणत राहिल्या. आत डॉक्टरांसमोर राहून गेलेले किती प्रश्न माणसं अशी यंत्रापुढे मांडतात! त्याला निदान घाई नसते.

मग डोळे मिटून बसलेल्या नवऱ्याकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला. “हे बरे होतील ना?”

माझ्या आजाराबद्दल मीही मोबाइलवर सगळं शोधलं होतं, हा एक प्रश्न सोडून.

मोबाइल म्हणाला, “कृपया आपल्या डॉक्टरांशी बोला.”

बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. “ते सांगत नाहीत, म्हणून तर तुला विचारलं ना, बाबा.”