यादीतलं नाव आणि चौकातला फ्लेक्स

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आजही माझं डोकं उठतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढा वैताग कुठल्या तपासात आला नाही. कुणाचंही नाव लिहीत नाही. नावानेच या प्रकरणात पुरेसा घोळ घातला आहे.

चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग लॉकअपमधल्या आरोपींची कोर्टात रवानगी, मग कुठल्या तरी कंपनीच्या गेटवरचं भांडण, आणि दिवसभर चारित्र्य पडताळणीचे अर्ज. कामगाराला कायम करायचंय, हिंजवडीत कॅबवर ड्रायव्हर ठेवायचाय, सोसायटीला वॉचमन हवाय, की लाव पोलिसांचा कागद! अर्जांचा ढीग उपसता उपसता माझ्या एका शिपायाला चष्मा लागला.

अशाच एका सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आरडाओरडा ऐकू आला. कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहणारी, मूळची मराठवाड्याची एक बाई माझ्या माणसांना फैलावर घेत होती.

"पैशे घेतले ना तुमी? मग नाव काऊन काढलं न्हाई? आजून तिथंच हाय!"

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, कसले पैसे? कुणाला दिले?"

"तुमच्याच मानसाला. फोनवर बोलला, ठाण्यातून बोलतोय म्हून."

"म्हणजे तुम्ही लाच दिलीत, आणि काम झालं नाही म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार करायला आलात?"

"मग कुठं करू, साहेब? काम ठाण्याचं, पैशे ठाण्याला. तक्रार काय दवाखान्यात करू?"

मी कपाळावर हात मारला. नवऱ्याला का नाही आणलं, असं विचारलं तर म्हणाली, "त्येची फस्ट शिफ्ट हाय. खाडा झाला तर कंपनीला आजून एक कारण."

हकीकत अशी. नवरा निघोज्याजवळच्या एका कंपनीत वेल्डर. इतकी वर्षं कंत्राटावर राबला, आता कुठे कायम व्हायची वेळ आली होती. पण मागे एकदा जत्रेला म्हणून गावी गेला आणि त्याच दिवशी भावकीत बोअरच्या पाण्यावरून मारामारी झाली. फिर्याद देणाऱ्याने घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं दिली. त्यात हाही. अटक झाली, जामीन झाला, खटला चालला आणि न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. खरं तर तिथे विषय संपायला हवा होता.

तो संपला नाही, याचं कारण सांगतो. अटक झालेल्यांच्या याद्या जिल्ह्याजिल्ह्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकलेल्या असतात. कुणीही उघडाव्यात, कुणीही वाचाव्यात. पारदर्शक कारभार म्हणून ते चांगलंच आहे. त्यात नाव असतं, वय असतं, गाव असतं, कलम असतं. पुढे तो माणूस सुटला की शिक्षा झाली, याला मात्र त्यात रकाना नाही. निकाल न्यायालयाच्या वेगळ्या संकेतस्थळावर. तिथे जाऊन बघायची तसदी घेतो कोण?

तर या बाईला फोन आला. "मी ठाण्यातून बोलतोय. तुमच्या मालकांचं नाव साइटवर आहे. कंपनीने पाहिलं तर कायम व्हायचं विसरा. साहेबांना सांगून काढून देतो." बाईने कानातलं मोडून पैसे पाठवले. मग रोज भाच्याच्या मोबाईलवर यादी उघडून बघायची. नाव जसंच्या तसं.

पहिला संशय अर्थात आमच्यावरच. सगळ्या स्टाफला एकेक करून तिच्यासमोर बोलायला लावलं. माझा हवालदार, सचोटीचा माणूस, फुगून बसला. "साहेब, वीस वर्षं नोकरी करून हे दिवस?" मी म्हटलं, "राव, बाहेरचा निघाला तर तुझीच इज्जत वाचेल. बोल." बाईने सगळे आवाज ऐकले आणि मान हलवली. यातला कुणीच नाही.

पैसे गेलेला नंबर एका परप्रांतीय हेल्परच्या नावावर निघाला. तो केव्हाच काम सोडून गावी गेलेला, जाताना सिमकार्ड कुणाला तरी विकलेलं. कुणाला, ते त्याला आठवेना. म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू झालं.

हवालदाराने आता इरेला पेटून कामगार वस्त्या पालथ्या घातल्या. असाच फोन आलेले आणखी चार जण निघाले. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी! तक्रार करायची म्हणजे आपल्याला अटक झाली होती, हे आपल्याच तोंडाने सांगायचं. त्या भामट्याचं सगळं भांडवल हेच होतं. पाच जणांच्या पाच कंपन्या, पाच तालुके. कंत्राटदार वेगळे, खोलीमालक वेगळे. एकही धागा जुळेना, आणि मी घरीदारी सगळ्यांवर खेकसायला लागलो.

धागा सापडला तो चाकणच्या चौकात, ट्रॅफिकमध्ये. गाडी जागची हलेना आणि समोरचा सिग्नल दिसेना, कारण मध्ये भलामोठा फ्लेक्स! गॉगल घातलेल्या कुणा भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या भाऊंना आणि त्यांच्या वाढदिवसाला मनातल्या मनात शिव्या घालत वाचायला लागलो. वाचण्यासारखं दुसरं होतं काय? खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि मूळ तालुका. 'अमुक तालुका मित्रमंडळ, चाकण'. आणि अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, छापणाऱ्या दुकानाचा फोन नंबर.

तिथूनच हवालदाराला फोन लावला. "त्या वेल्डरला विचार, कुठल्या फ्लेक्सवर फोटो आहे का त्याचा?"

अर्ध्या तासात त्याचा उलटा फोन आला, "एक नाही साहेब, तीन. बाकी चौघांचेही आहेत. सगळे एकाच दुकानात छापलेले."

गावाकडे आपल्याला अटक झाली होती हे कंपनीपासून, शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवणारी ही माणसं, पण पूर्ण नाव, तालुका आणि फोटो चौकात टांगायला हौसेने वर्गणी देतात! वर ऑर्डरसाठी घरचा फोन नंबर देऊन जातात, आणि कुणाला कधी कायम करणार, हेही दुकानात बसून बोलतात. दुकानदाराला करायचं ते काय, त्या त्या जिल्ह्याची यादी उघडायची आणि नाव शोधायचं.

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. सिमकार्ड? माहीत नाही. फोन? केला नाही. दुकानाचा संगणक तपासला तर त्यात जिल्ह्यांच्या अटक याद्या रोज उघडल्याच्या खुणा. तर गडी उलट माझ्यावरच आला. "साहेब, यात गुन्हा काय? सगळ्यांना खुलं आहे ते. तुम्हीच टाकलंय. मी फक्त वाचलं."

खरं सांगतो, त्याचं अर्धं म्हणणं बरोबर होतं म्हणूनच मला जास्त संताप आला. "वाचणं गुन्हा नाही," मी म्हटलं. "पोलीस म्हणून फोन करणं आणि निघू न शकणारं नाव काढून देतो म्हणून पैसे उकळणं, हा गुन्हा आहे. नाव काढायचा अधिकार मलाच नाही, तुला कुणी दिला?"

मी बाईला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. इतक्यात दुकानदाराच्या मोबाईलवर गिऱ्हाइकाचा फोन आला. मी म्हटलं, "घे, स्पीकरवर बोल. धंदा बुडायला नको." तो सवयीने बोलून गेला, "टेन्शन नका घेऊ दादा, काम फायनल समजा."

दार ढकलून बाई आत. "ह्योच! ह्योच मेला! मला बी असंच म्हनला, टेन्शन नका घेऊ ताई, काम फायनल समजा!"

त्याचा चेहरा पडला. मग दुकानाची झडती घेतली, छपाईच्या शाईच्या खोक्यात सिमकार्ड मिळालं, आणि गडी पोपटासारखा बोलला. अटक पंचनामा चालू असताना हात जोडून विचारतो काय, "साहेब, माझं नाव यादीत येणार का हो? पोरीची सोयरीक जुळत आलीय." मी म्हटलं, "येणार. खुलं असतं ते, सगळ्यांना." बोललो खरा, पण त्या पोरीचं काय चुकलं होतं, हा विचार नंतर डोक्यातून जाईना.

आता वेल्डरचं काम सोपं, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं! न्यायालयाच्या निकालाची प्रत घेऊन मी स्वतः कंपनीत गेलो. एचआरचे साहेब निकाल न वाचताच म्हणाले, "सर, पण ऑनलाइन अरेस्ट दिसतेय. आमची पॉलिसी आहे."

"अहो, अटक म्हणजे शिक्षा नव्हे. न्यायाधीशांनी निर्दोष सोडलंय."

"ते ठीक आहे सर, पण दिसतंय ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही! शेवटी त्याच्या मूळ गावच्या पोलीस ठाण्याला मी फोनवर फोन केले, इतके की तिथला अधिकारी माझा आवाज ऐकला की उसासा टाकायचा. तिथून शिक्क्याचा अहवाल आला, आम्ही प्रमाणपत्र दिलं आणि वेल्डर कायम झाला. साहेबांना निकाल पटला नाही, शिक्का पटला.

काही दिवसांनी नवराबायको पेढे घेऊन ठाण्यात आले. वेल्डर लाजून दारातच उभा. बाईने पेढा हातावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, आता तरी नाव निघंल ना?"

"नाही बाई. अटक झाली होती, ती तिथे राहणार."

"मग सुटला म्हून लिवा की त्याच्याखाली."

"तशी जागा नाही त्यात."

"धरल्यालं जगाला सांगता, आन् सोडल्यालं सांगाया जागा न्हाई? ह्यो कुठला कारभार, साहेब?"

अटक करणं हे आमच्या कामाचं एक पान आहे. आम्ही ते फाडून चौकात लावतो आणि उरलेलं पुस्तक बंद करून ठेवतो, हे मला त्या बाईने शिकवलं. खात्यात लेखी कळवलं. 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. ती नोंद कुठे आहे, ते मला ठाऊक नाही.

पुढच्याच आठवड्यात हवालदार धावत केबिनमध्ये आला. "साहेब, कुरुळीच्या फाट्यावर चला. बघाच."

गेलो. फाट्यावर नवाकोरा फ्लेक्स. मधोमध वेल्डर, बिनगॉगलचा, फोटो काढताना घाबरलेला. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका, आणि त्याखाली टपोऱ्या अक्षरात: 'माननीय न्यायालयाने निर्दोष मुक्तता केल्याबद्दल व कंपनीत कायम झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला फोटो बायकोचा. आणि दुसरा, देवा रे, वर्दीतला, माझा!

"विनापरवाना आहे, साहेब," हवालदार हसू दाबत म्हणाला. "उतरवायला सांगू?"

येणारे-जाणारे कामगार थांबून वाचत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "भावा, सुटला की रे हा. यादीत नाव बघून आपल्याला वाटलं होतं, शिक्षाच झाली होती."

"माझा फोटो तेवढा झाकायला सांग," मी म्हटलं. "बाकी राहू दे. वाचू दे लोकांना."