हाडवाल्या खैरूनआपा

खैरूनआपा पेशंटचं तोंड नंतर बघत, आधी चपला बघत. लातूरला क्लासेसच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला असे आणि आपा जाता-येता त्या पायानंच उलथ्या करत. कुठली टाच आतून झिजली, कुठली बाहेरून, हे बघून झालं की आत येऊन विचारत, "हिरव्या पट्ट्याची चप्पल कुणाची? तुमचा डावा खुबा दुखतो. हौ की नाही?" एखादी बाई हात जोडायला लागली की आपा भडकत. "अहो, अंगात येत नाही माझ्या! कॉलेजात शिकून आलेय मी." उलटी चप्पल दिसली की भांडण होतं म्हणतात. आपांच्या दारात ती रोजच उलटी असे आणि आपांचं भांडणही कुणाशी ना कुणाशी चालूच असे.

त्या मूळच्या नांदेडच्या. वडील शिवणकाम करायचे. मोहल्ल्यातल्या मुलींची लग्नं ठरत होती त्या वयात ही बाई फिजिओथेरपी शिकायला घराबाहेर पडली. लातूरकरांना तो शब्द काही जमला नाही, म्हणून त्यांनी तिला 'हाडवाल्या आपा' करून टाकलं. आपांना हे नाव मुळीच आवडत नसे. "मी हाडं बसवत नाही, माणसं उभी करते," असं त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सुनावत. आमच्याकडे कंबर धरली की हाडवैद्याकडे जायचं, त्यानं पाय ओढून 'कट्ट' असा आवाज काढायचा आणि आपण बरं वाटलं म्हणायचं, ही जुनी रीत. तोच आवाज लोक आपांकडे मागायला येत. "आवाज पाहिजे तर बँडवाल्याकडं जा. इथं मिळत नाही."

सकाळी त्यांच्याकडे मान आखडलेली क्लासची पोरं येत. दुपारनंतर मात्र सगळ्या गरोदर बायका. त्यांच्यावर आपांचा विशेष जीव होता. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय त्या एकीलाही हात लावत नसत. पण एकदा हाती घेतली की मग नवऱ्यापासून नणंदेपर्यंत सगळं घर धारेवर.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपानंतर. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात दगडमातीची घरं होती. आमच्या घराचं माळवद, ते जड मातीचं छत, माझ्या कंबरेवर आलं आणि आई त्याखालून जिवंत निघाली नाही. मी अकरा वर्षांची होते. कंबरेचं हाड मोडलं होतं. मी आता जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पुस्तकात त्याला श्रोणी म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आमच्याकडे बरगडीच्या खालचं आणि मांडीच्या वरचं सगळं कंबरच. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहायला हरकत नाही. हरकत माझी होती. पत्र्याच्या शेडमधल्या खाटेवरून मी पाय खाली सोडायला तयार नव्हते. बाबांनी समजावलं, दटावलं, शेवटी ते माझ्यासमोर बसून रडले. सगळ्यांना वाटत होतं, पोरीला दुखतंय. दुखत नव्हतं. माझा जमिनीवर विश्वास उरला नव्हता.

नांदेडहून आलेल्या डॉक्टरांच्या तुकडीत आपा होत्या. तेव्हा पंचविशीच्या असतील. पांढरा कोट आणि डोक्यावरून ओढणी. त्यांनी विचारलं, "दुखतंय का भीती वाटती?"

"खालचं हलतंय," मी म्हटलं.

हलत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या खाली मांडी घालून बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात जमिनीवर उताणे ठेवले. "जमिनीवर नको ठेवू पाय. माझ्या हातावर ठेव. हात हलला तर मला चाव."

काही दिवस मी त्यांच्या तळहातांवरच पाय टेकवत होते. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की माझे पाय जमिनीवर आहेत आणि आपांचे दोन्ही हात माझ्या कंबरेला आहेत. मी किंचाळायच्या आत त्या म्हणाल्या, "जमीन हलायची ती हलून गेली बेटा. आता तू हल."

मी हलले. शाळेत गेले, पुढं कॉलेज केलं आणि लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. त्या वर्षांत लातूरात प्रत्येक माडीवर होस्टेल झालं होतं आणि प्रत्येक खांबावर गुण मिळवलेल्या पोरांचे फोटो होते. आपाही तोवर लातूरला कायमच्या आल्या होत्या. माझं लग्न झालं. सासर मुखेडचं, नवरा नोकरीला लातूरलाच. आणि मला दिवस गेले.

घरातला आनंद जेमतेम एक दिवस टिकला. मग सगळ्यांना माझी कंबर आठवली. सासूबाई मुखेडहून आल्या आणि भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सांधलेला माठ पाणी धरतोय का, कुंभाराला इचारा." त्या वाईट नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटली की त्या टोचून बोलत. पण तो माठ माझ्या छातीत रुतला, कारण माझीही भीती तीच होती. बाळ पेलेल का, आणि पेललं तरी शेवटचे महिने खाटेवर काढावे लागतील का. अकराव्या वर्षी खाटेवरून उठले होते. पुन्हा पडले तर उठेन की नाही, याची मला खात्री नव्हती.

आपांकडे गेले तर त्यांनी मला हातच लावला नाही. "पहिले तीन महिने माझं काही काम नाही. उलट्या होतील त्या कर, झोप आली की झोप. आणि माठबिठ डोक्यातून काढ." चौथ्या महिन्यापासून त्यांनी मला कामाला लावलं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर करायची आणि सोडायची. कुशीवर वळताना दोन्ही गुडघे एकत्र. जिना चढताना घाई नाही. "बाळ पुढं वाढतं, म्हणून बाई मागं झुकती. कंबर बिचारी मधल्यामधी मरती," असं त्या सांगत आणि स्वतः पोट पुढं काढून, डुलत डुलत चालून दाखवत. खोलीतल्या सगळ्या पोटुश्या बायका पोट धरून हसत.

एक दिवस त्या न सांगता क्लासमध्ये आल्या. मी फळ्यापुढं तासन् तास उभी असते हे त्यांना कळलं होतं. काखेत जेवायला बसायचा लाकडी पाट होता. भरल्या वर्गातून त्या पुढं आल्या, फळ्याखाली पाट ठेवला आणि म्हणाल्या, "एक पाय ह्याच्यावर, एक खाली. थोड्या वेळानं बदलायचा." मग पोरांकडे वळून, "मॅडम विसरल्या तर तुम्ही ओरडायचं. पेशी मागून शिका." क्लासचे मालक दारात येऊन बघत राहिले. त्यांची काही बोलायची छाती झाली नाही. त्यांच्या बायकोलाही आपांनीच उभं केलं होतं.

सहावा महिना सरताना दुखणं वाढलं. अंथरुणात कूस बदलताना डोळ्यांत पाणी येई. सासूबाई पुन्हा आल्या, त्या निश्चय करूनच. मुखेडकडे त्यांच्या माहितीतला एक हाडवैद्य होता. "एका झटक्यात जागेवर बसवतोय. उद्याच्या यष्टीनं जायचं," असं त्यांनी जाहीर केलं. नवरा म्हणाला, दाखवायला काय हरकत आहे. मी म्हटलं, आधी आपांकडे चला. सासूबाई पदर खोचून निघाल्या. आज त्या आपांना चार गोष्टी सुनावणार होत्या.

आपा दाराबाहेर चपला उलथ्या करून आत आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"ताई, तुम्ही झोपा खाटेवर."

"मी? पोटुशी ती हाय," सासूबाई म्हणाल्या.

"तिचं बघते नंतर. तुमच्या चपलेची उजवी टाच कागदासारखी झालीय. किती वर्षं दुखतंय?"

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "बाईची कंबर दुखायचीच. त्यात इचारायचं काय?"

"बाळंतपणं किती?"

"पाच. दोन गेली, तीन हायेत."

"आणि बाळंतपणानंतर आराम?"

"कसला आराम बाई! बारसं झालं की रानात."

आपांनी त्यांना कुशीवर झोपवलं आणि कंबरेवर नेमक्या जागी हात ठेवला. "इथं?"

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. त्या रडत होत्या. माझ्या लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते आणि मला कुठं बघावं ते कळेना. आपांनी हात काढला नाही. त्या हळूच बोलल्या, "ताई, पोटात लेकरू असलं की सांधे आपोआप सैल होतात. लेकराला वाट पाहिजे म्हणून. सैल झालेल्याला झटका देऊ नये, आधार द्यावा. तुम्हाला तेव्हा कुणी दिला नाही. हिला तुम्ही द्या."

मग त्यांनी मला झोपवलं आणि सासूबाईंचा हात धरून माझ्या कंबरेवर कुठं आणि किती दाब द्यायचा ते शिकवलं. यष्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. सासूबाई लातूरलाच राहिल्या आणि त्यांचा असा काही पहारा सुरू झाला की आपा परवडल्या. डाव्या कुशीवर झोप, गुडघ्यांत उशी घे, वाकू नको, लई उभी राहू नको. दुखणं गेलं नाही, पण माझ्या ताब्यात आलं. नवव्या महिन्यात मी स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन येत होते. ओळखीचं कुणी भेटलं की सासूबाई मला उगाच दोन पावलं पुढं चालायला लावत.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की हाड जुळलंय, पण वाट अरुंद आहे. सिझर करावं लागेल. ते ऐकून मी खचले. एवढं करूनही माझं हाड हरलं, असं वाटलं. दवाखान्याच्या बाकावर मी हमसून हमसून रडले आणि आपांनी मला रडू दिलं. मग मात्र त्या चिडल्या.

"काय हरलं? लेकरू कुठून का येईना बाहेर, नऊ महिने ते बसून राहिलं कशावर? लोक ज्याला मोडकं म्हणत होते त्याच्यावरच ना? मग रडतीस कायकू? ऊठ. आत चालत जायचं."

ऑपरेशनला आत न्यायला चाकांची खुर्ची तयार होती. मी चालत गेले. एका बाजूला आपा, दुसऱ्या बाजूला सासूबाई, आणि दोघींनीही मला धरलं नव्हतं. दवाखान्याच्या त्या बोळातून चालताना मला जेवढा अभिमान वाटला तेवढा मला माझ्या कुठल्याही निकालाचा वाटलेला नाही. मुलगी झाली.

पुढं आपांचे स्वतःचे गुडघे गेले. "जगाला उभं करता करता माझंच सामान संपलं," असं म्हणत त्या नांदेडला भावाकडे परत गेल्या. सासूबाई मुखेडहून त्यांना भेटायला जात. दोघी एकाच खाटेवर बसून आपापली कंबर शेकत आणि माझ्या आळशीपणावर बोलत. मागच्या हिवाळ्यात आपा गेल्या. मी नांदेडला जाऊन आले आणि परतताना मुखेडला उतरले.

घरात पाऊल टाकलं तर देवघराचं दार लोटलेलं होतं. दिवा नव्हता. भावकीत लग्न होतं, चुलतसासूबाई बोलवायला आल्या होत्या आणि सासूबाई ओसरीवर चटईवर बसून होत्या. त्यांनी सुतक धरलं होतं. चुलतसासूबाई हात नाचवत म्हणत होत्या, "अगं बाई, ती मुसलमानाची. ना सोयरी ना भावकीतली. तिचं सुतक आपल्याला कसलं? शास्त्रात तरी हाय का?"

"शास्त्रात नसंल," सासूबाई म्हणाल्या. "पर माझ्या उभ्या जन्मात माझ्या कंबरेवर हात ठेवून एकाच माणसानं इचारलं, कुठं दुखतंय. तिचं सुतक धरू नको म्हणता? मग कुणाचं धरू?"