दुसऱ्या दिवशीचं रक्त

“आज कितवा दिवस?” घरात पाऊल टाकल्याबरोबर ती हेच विचारायची. नमस्कार, पाणी, सगळं नंतर. एकदा मलाच विचारलं. म्हटलं, “बाई, माझं दुकान केव्हाच बंद झालं. मले साखर तपासायची आहे.” ती हसली नाही. “सवय आहे, काकू,” म्हणाली आणि दंडाला पट्टा बांधला.

समता कॉलनीतल्या एका पॅथॉलॉजीतर्फे ती घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. गल्लीत तिला रक्तवालीच म्हणत, तोंडावरसुद्धा. तीही ओ द्यायची. तुमच्याकडेही अशी कोणी येत असेल, जिचं नाव विचारायचं राहूनच जातं.

शेजारच्या वहिनी मूळच्या बडनेऱ्याच्या. आयुष्य रायपुरात गेलं, पण विटाळ तिकडचाच. सून मेघना नव्या रायपुरात नोकरीला. पाळीत ऑफिसभर हिंडायची, घरी आली की मागच्या खोलीत. तिशी सरत आलेली, मूल नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्त्रीबीजं किती उरली याचा अंदाज घेऊ. एएमएच आणि एफएसएच ही दोन्ही हार्मोन्स एकदमच तपासा, आणि रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्या.

वहिनींनी रक्तवालीला बोलावलं पाचव्या दिवशी. सून न्हाऊन, देवाला नमस्कार करून सोफ्यावर. मलाही बोलावलं होतं. पोहे केले होते.

“आज कितवा?”

“पाचवा,” वहिनी म्हणाल्या. “आता काही अडचण नाई.”

रक्तवालीने उघडलेली पेटी बंद केली. “मग मी जाऊन राहिली.”

“काहून? रक्त तर तेच ना?”

“रक्त तेच, काकू, पण आकडा बदलते. आज चांगला दिसला तर तुम्ही निश्चिंत बसान. हिच्यापाशी वेळ उरला का नाई, तेच तर पाह्याचं आहे.”

“दुसऱ्या दिवशी तिले परकं माणूस शिवणार?”

“मी शिवीन. तुम्ही दूर बसा.”

मेघना तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मम्मी, मेरा एक महीना और गया।”

वहिनींनी तिच्यापुढे पोहे सरकवले.

पुढच्या पाळीला मेघनानेच फोन केला. रक्तवाली थेट मागच्या खोलीत गेली, तिच्या चटईवर मांडी घालून बसली, रक्त घेतलं. वहिनी दारातून म्हणाल्या, “आता आंघोळ केल्याशिवाय समोरच्या खोलीत यायचं नाई.”

“बरं,” रक्तवाली म्हणाली. मागच्या अंगणाला फाटक नाही. मी कपडे वाळत घालत होते, तर आमच्या मधल्या भिंतीवरून आधी पेटी आली, मग ती. “काकू, आलीच आहे तर साखर पाहून देऊ का?”

रिपोर्ट चांगला आला नाही. एएमएच कमी, एफएसएच वाढलेलं. मेघना माझ्याकडे बसून रडत होती, तेवढ्यात रक्तवाली आली. “कमी आहे. सरलं नाई,” म्हणाली. “आता डॉक्टरीण म्हणते ते लवकर कर.” डोक्यावरून हात फिरवणं वगैरे तिला जमत नसे. पुढच्या घरून तिला फोन येत होता. तो तिने उचलला नाही, नुसती बसून राहिली.

मग तिचे गुडघे गेले आणि ती अभनपूरला बहिणीकडे राहायला गेली. आता दुसरं कोणी येतं. हसून बोलतं, काही विचारत नाही.

मेघनाला मूल झालं का, तर अजून नाही. उपचार मात्र सुरू झाले. इंजेक्शनं पोटात घ्यायची, तीही पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून. स्वतःच्या हाताने तिला टोचवेना. नवरा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात, शिफ्टवर. मी गेले, पण माझी नजर अधू. “रक्तवाली दीदी होती तो...” मेघना म्हणाली.

वहिनी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. मग आत आल्या, माझ्या हातातली सुई घेतली, सुनेच्या पोटाची चिमूट धरली.

“हलू नको, पोट्टी,” म्हणाल्या. “मलेच भेव लागून राहिलं.”