त्यांच्या फोनात मी बारा वर्षांची

टीव्हीवर माझं नाव आलं. मुलांच्या नावांच्या खाली. त्यांच्या मुलाचं पहिलं, मुलीचं दुसरं, माझं तिसरं. शेजारी अस्वलाच्या पिल्लाचं चित्र आणि वय. बारा.

मी चोवीस वर्षांची होते. हातात केकच्या उष्ट्या प्लेटा होत्या.

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या ब्यॉब्लिंगेनमधल्या त्यांच्या घरातला हॉल मराठी माणसांनी भरला होता. मुलाचा वाढदिवस. पाहुणे सगळे गाड्यांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपन्यांतले. गप्पा मुलांच्या फोनवर आल्या. ऐकत नाहीत, सारखा टॅब मागतात, जेवत नाहीत. तेव्हा दादा उठले. मी ज्यांच्या घरी राहायचे, ते दादा. "आमच्याकडे हा प्रॉब्लेमच नाही," म्हणाले आणि आपल्या फोनमधलं ॲप त्यांनी टीव्हीवर लावलं. कोणाला किती वेळ फोन, कोणतं ॲप चालेल, कधी बंद होईल, सगळं त्यांच्या एका बोटावर.

"अरे, ही तिसरी कोण?" एका पाहुण्याने विचारलं.

"ही आमची मोठी मुलगी!" दादांनी माझ्याकडे हात केला.

लोक हसले. अगदी पोट धरून हसले. एकीने तर टीव्हीचा फोटो काढला.

लाज वाटली मला, नाही कशाला म्हणू? पण त्याच्याआधी डोक्यात दुसरंच काहीतरी लख्ख झालं. आई. आईचे न लागलेले फोन.

मी स्टुटगार्टला शिकायला आले ती सरकारी स्कॉलरशिपवर. पुण्यातल्या आमच्या वस्तीतून परदेशात गेलेली पहिली मीच. आई कोथरूडमध्ये लोकांची धुणीभांडी करते. इथे खोली काही केल्या मिळेना. मग मराठी ग्रुपवर वहिनींचा, म्हणजे दादांच्या बायकोचा, मेसेज दिसला. तळघरात खोली आहे, भाडं नको, दुपारी मुलांना शाळेतून आणायचं आणि संध्याकाळी सांभाळायचं. पहिल्या दिवशी स्कॉलरशिपचं ऐकून वहिनी म्हणाल्या, "छान आहे बाई तुमचं." तुझं नाही म्हणाल्या. तुमचं. मला बरोबर कळलं. गिळलं. खोली हवी होती.

माझा पुण्याहून आणलेला फोन आल्या आल्याच फुटला होता. वहिनींनी त्यांचा जुना दिला. दादांनी त्यात सिम टाकलं, त्यांच्याच फॅमिली प्लॅनमधलं. "वेगळं कशाला घेतेस? तू घरचीच." नवीन अकाउंटही त्यांनीच काढून दिलं, जन्मतारीखही त्यांनीच भरली. मला काय आनंद झाला होता! आईला म्हटलं, देवमाणसं भेटली गं.

मग तो फोन रुसायला लागला. चालू असायचा, पण रोज दुपारनंतर सगळं करडं व्हायचं, काही उघडायचंच नाही. जर्मनमध्ये एक ओळ यायची. तेव्हा माझं जर्मन नमस्कार आणि आभार यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी दादांना नेऊन दाखवला. त्यांनी हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "जुना आहे गं. तापला की असं करतो. जरा कमी वापर." सॉफ्टवेअरमधला माणूस तोंडावर सांगतोय म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ?

दिवसाला एक तास मंजूर केला होता मला. तो कशात जायचा, ऐका. एस-बान, म्हणजे इथली लोकल, किती वाजता आहे ते बघण्यात. युनिव्हर्सिटीच्या ॲपवर. मुलांना घेतलं हे शाळेच्या ॲपवर कळवण्यात. आणि वहिनींच्या मेसेजमध्ये. दूध आण. धाकटीला जॅकेट घाल. पोचलात का, फोटो पाठव. त्यांच्याच कामात माझा तास खलास व्हायचा, आणि आईचा फोन यायच्या वेळेला माझ्या हातात नुसती काच उरायची.

आई शेवटच्या घरचं उरकलं की त्या सोसायटीच्या जिन्यात टेकायची आणि मला व्हिडिओ कॉल लावायची. दिवसभरात तेवढाच तिचा विसावा. तिला लिहिता-वाचता येत नाही. माझं तोंड दिसलं, जेवलीस का विचारलं, की ती घरी जायला मोकळी. तो कॉल माझ्याकडे वाजायचाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लावावा, तर ती कामावर, आणि तिच्या मालकिणींना कामात फोन चालत नाही. असं होता होता तिने एक दिवस आवाजाचा निरोप पाठवला. "तुला माझ्याशी बोलायला अवघड वाटत असंल तर ऱ्हाऊ दे, पोरी. मोठ्या लोकांत ऱ्हातीस आता. मी नाय लावत फोन."

आणि खरंच तिने लावणं बंद केलं. मी त्या तळघरात बसून ढसाढसा रडले.

आता तो सगळा हिशेब टीव्हीवर झळकत होता.

"दादा, माझा फोन तुम्ही बंद करत होता?"

लोक अजून हसत होते. वहिनी पटकन पुढे आल्या. "अगं, तुझ्या भल्यासाठीच ना. सारखं त्या फोनमध्ये डोकं. मुलं बघून शिकतात."

मुलं बघून शिकतात म्हणे! दादांच्या कानात त्या क्षणीसुद्धा ती पांढरी बोंडं होती. जेवताना ताटाशेजारी फोन. मुलगा शाळेतलं काही सांगायला लागला की "एक मिनिट रे", आणि अंगठा चालूच. वहिनी तर दोन-दोन फोन घेऊन घरभर फिरायच्या. त्यांनी केलं की काम. आम्ही केलं की व्यसन.

सोफ्यावरच्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "या लोकांना एकदा फोन मिळाला ना, की कामात लक्षच राहत नाही. आमच्या पुण्याच्या बाईचंही तेच." मानही वर केली नाही. स्वतःच्या फोनमध्ये बघत बघत म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या लोकांना म्हणजे कोणाला, काकू?"

हसणं थांबलं. धाकटीने वडिलांची बाही ओढली आणि जर्मनमध्ये विचारलं, ही पण लहान मूल आहे का?

"आल्झो, हे बघ, आता पार्टीत हे नको," दादा म्हणाले. "उद्या बोलू."

"उद्या नाही. माझं नाव तिथून काढा. चार लोकांत दाखवलंत, चार लोकांतच काढा."

"काढलं तर सिमही जाईल." मग आवाज खाली आणला. "आणि खोलीचंही तुझं तुला बघावं लागेल."

इथे खोली ही काय चीज आहे, ते इथल्या विद्यार्थ्यांना विचारा. खोली नाही तर पत्त्याची नोंद नाही. नोंद नाही तर व्हिसाचं घोडं अडलं. एकदा वाटलं, सॉरी म्हणावं आणि प्लेटा घेऊन किचनमध्ये जावं. पण डोळ्यांसमोर जिन्यात बसलेली आई होती. आपल्याच पोरीला आपली लाज वाटते, असं समजून फोन पदरात गुंडाळणारी.

"बघते माझं मी," म्हटलं. "काढा."

काढलं त्यांनी. अकाउंट गेलं तसा फोन आपोआप कोरा झाला. आईचे निरोपही त्यातच गेले. तो कोरा फोन मी केकशेजारी ठेवला, खाली गेले आणि बॅग भरली.

युनिव्हर्सिटीतल्या एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकली. तिच्या फोनवरून आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजे तिथंबी तेच." बस. चिडली नाही, शिवी दिली नाही. जन्मभर तेच पाहिलेल्या बाईला नवल कसलं वाटणार? त्याचाच मला जास्त संताप येतो.

स्वस्तातला फोन आणि स्वतःचं सिम घेतलं, आणि झालेलं सगळं मराठी ग्रुपवर लिहिलं. कोणी म्हणालं गैरसमज असेल. कोणी म्हणालं, त्यांनी आसरा दिला ते विसरलीस का? संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. काढू देत.

आता मी एका बेकरीत काम करते. मालकीण जर्मन, भलतीच कडक. पहिल्या दिवशी म्हणाली, कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवायचा. मी विचारलं, "सगळ्यांनी?" "गेनाऊ. अगदी सगळ्यांनी," म्हणाली आणि आधी स्वतःचा ठेवला. मग मी माझा ठेवला. मला काहीही वाटलं नाही.

आईचा फोन आता येतो. पण उचलला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "बोलू ना? येळ हाय ना तुला?" किती वेळा सांगितलं, आई, आहे वेळ, असं विचारू नकोस. तरी विचारतेच. आधी असं कधीच विचारायची नाही. हक्काने ओरडायची, कुठं उलथली होतीस म्हणून. माझ्या आईचा माझ्यावरचा हक्क त्या माणसाने एका बोटाने बंद केला, आणि तो परत कसा चालू करायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

म्हणून आता ठरवलंय. नियम सगळ्यांना असेल, तर सगळ्यांत आधी फोन मी ठेवीन. नियम फक्त मला असेल, तर नाही ठेवणार. खोली जाऊ दे, काम जाऊ दे. का नाही ठेवणार, तेही कोपऱ्यात कुजबुजणार नाही. तिथल्या तिथे सांगेन, सगळ्यांसमोर, आणि आईचा फोन वाजला तर बोलणं मध्येच थांबवून आधी तो घेईन.