चॅनलचा पहारा

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार साठीपुढची माणसं इंटरनेटवर नेऊन बसवा आणि गंमत बघा! आमच्या अहिराणी मंडळाचं तेच झालं.

मंडळ तसं जुनं. जुने शब्द, जात्यावरच्या ओव्या जमवायच्या आणि धुळ्याला एका वाचनालयाच्या खोलीत दर महिन्याला भेटायचं. एका महिन्यात प्रत्येकाला काहीतरी काम निघालं, कोणीच गेलं नाही. पुढच्या वेळी बघतो तर खोलीत ट्यूशन क्लास! रिटायर्ड मास्तर असलेल्या नानांनी मंडळ काढलेलं. त्यांना ते फार लागलं.

"व्हॉट्सॲप ग्रुप काढू," मी म्हणालो. मी जळगावला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असतो.

"नको!" बोदवडच्या अक्का म्हणाल्या. "सकाळी उठून गुलाबाची फुलं पुसत बसायची का?"

म्हणून आयआरसी, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या लेखी गप्पा. जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, नंबर द्यावा लागत नाही, फुलं येत नाहीत. चॅनल (म्हणजे गप्पांची खोली) उघडायचं, टोपणनाव घ्यायचं, बोलायचं. बस.

*

टोपणनावापासूनच सुरुवात झाली. सोनगीरच्या आबांना 'आबा' हेच नाव हवं होतं. ते आधीच कोणीतरी घेतलेलं. मी मागे एक आकडा लावून दिला, पण आबांना चैन पडेना. त्यांनी त्या दुसऱ्या आबाला परस्पर निरोप टाकला, "तुमनं गाव कोनतं?"

मी त्याचं इंग्रजी करून दिलं. उत्तर आलं, ब्राझील.

आबांनी लिहिलं, "दूर शे. तरी पोरना लगीनले या!"

*

आयआरसीवर मागचं काही दिसत नाही. तुम्ही नसताना जे बोलणं झालं ते गेलं. त्यामुळे उशिरा येणारा विचारणार, "काय झालं?" आणि धरणगावचे मिलिंदभाऊ सगळं पहिल्यापासून सांगणार. मिलिंदभाऊ बँकेतून रिटायर झालेत, घाई त्यांना माहीत नाही. त्यांचं सांगून होईपर्यंत पुढचा येतो. एका रविवारी आमची अख्खी बैठक मागच्या रविवारी काय झालं ते सांगण्यात गेली!

*

एकदा नाना आणि आबांचा एका ओवीवरून वाद चालला होता. ऐन रंगात असताना पडद्यावर ओळ आली, आबा बाहेर पडले. ना राम राम, ना 'येतो'. नानांचा जीव खालीवर. वीस वर्षांची दोस्ती! संध्याकाळी त्यांनी एसटी धरली आणि आबांची समजूत काढायला थेट सोनगीर गाठलं.

आबा अंगणात बाजेवर निवांत बसलेले.

"राग उना का आबा?"

"कसाना राग? लाईट गई व्हती!"

नाना शेवभाजी खाऊन परत आले. तेव्हापासून आबा चॅनलवर आले की पहिली ओळ ठरलेली, "राग नही, लाईट."

*

आपलं टोपणनाव दुसऱ्याने घेऊ नये म्हणून पासवर्ड असतो; तो टाकताना आधी तिरपी रेघ द्यायची, रेघेच्या आधी जागा सोडायची नाही, हे मी अक्कांना शिकवलं होतं. त्यांनी जागा सोडली. पासवर्ड सगळ्यांसमोर: दिगंबर.

हे अक्कांच्या यजमानांचं नाव. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यांनी ते कधी तोंडाने घेतलं नव्हतं. मग नानांनी लिहिलं, "अक्का, उखाणा अर्धा राहिला!"

अक्कांनी तिथल्या तिथे दोन ओळी जुळवून तो पुरा केला. पासवर्ड मात्र मी त्याच दुपारी बदलून दिला.

*

आणि हा पहाऱ्याचा.

मी एकदा सांगून बसलो की शेवटचा माणूस बाहेर पडला की चॅनल मिटतं. मग जो पहिला शिरेल, चॅनल त्याचं. झालं! नानांना ती ट्यूशनवाली खोली आठवली. त्यांनी इन्व्हर्टर घेतला आणि कॉम्प्युटर बंद करणंच सोडून दिलं.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. स्क्रीन बघायची नाही, घर बंद करून मुलाकडे राहायचं. नाना ऑपरेशनच पुढे ढकलायला निघाले!

तोडगा आबांनी काढला. "हरिनाम सप्ताहमा वीणा खाले ठेवतस का? पहारा लावा!"

पाळ्या ठरल्या. सकाळी आबा, दुपारी अक्का, पाचला मिलिंदभाऊ, रात्री माझ्या लॅबचा कॉम्प्युटर. नाना डोळ्याला पट्टी बांधून मला फोन करायचे.

"कोन शे?"

"अक्का आहेत."

"बरं." फोन बंद. तासाभराने परत.

एवढ्यात मला कळलं की चॅनल आपल्या नावावर रजिस्टर करता येतं. एक ओळ टाइप करायची, की झालं. मी ती टाकली, पण कोणाला बोललो नाही. नाना काळा चष्मा लावून परत आले त्या दिवशी सगळ्यांसमोर लिहिलं, "नाना, आता काळजी मिटली. कोणी नसलं तरी चॅनल आपलंच राहील."

नाना एका बोटाने टाइप करतात.

"कोनी नही तरी?"

"हो."

"मंग ते काय कामनं?"

पाठोपाठ नानांची पुढची ओळ आली.

"पाचले कोन शे?"

"मी शे, नाना," मिलिंदभाऊंनी लिहिलं.